बायपोलरसाठी डीबीटी: सोलापुरात राहून ही कौशल्यं कशी शिकायची

बायपोलर म्हणजे मन कधी मॅनियात बेसुमार चढतं आणि कधी खोल डिप्रेशनमध्ये उतरतं असा आजार. भावना आणि संकटाचे तास सांभाळायची कौशल्यं शिकवणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, शिकायची वेळ मॅनियात नसते आणि डिप्रेशनमध्येही नसते. ती असते मधल्या सपाट काळात. झोप बरी लागतेय, गोळ्या चालू आहेत, कामावर जाणं सुरू झालंय आणि घरचे म्हणू लागलेत, "आता बरा झालाय की, कशाला सारखं दवाखान्यात जायचं?" आमच्या घरात हा आजार आहे, म्हणून पोटतिडकीने सांगते की तो काळ वाया घालवू नका. चढ, म्हणजे मॅनिया, आला की माणसाला काही शिकायचं नसतं आणि उतारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, शिकण्याचं बळ नसतं. त्या दिवसांत उपयोगी पडतं ते आधीच अंगवळणी पडलेलं.

दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. डीबीटीतली बरीच कौशल्यं चढाला वेगळी आणि उताराला वेगळी वापरावी लागतात. ही थेरपी मुळात दुसऱ्या आजारासाठी तयार झाली, त्यामुळे तिची बहुतेक माहिती हा फरक सांगत नाही. हा लेख मुख्यतः त्या फरकाबद्दल आहे.

ही थेरपी आली कुठून, आणि बायपोलरला किती लागू पडते

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर काम करत होत्या. नुसतं "बदल" म्हटलं की त्या दुखावून उठून जात, आणि नुसतं "तुझं दुःख समजतं" म्हटलं की काहीच बदलत नसे. म्हणून दोन्ही एकदम धरून ठेवायचं ठरलं: तू आत्ता जशी आहेस तशी मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागणार आहे. 1991 मध्ये या पद्धतीची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि 1993 मध्ये उपचाराचं पुस्तक आलं. रोख होता बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या, भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या आजारावर. 2011 मध्ये लिनेहान यांनी स्वतःच्या तरुणपणीचा मानसिक आजार जाहीरपणे सांगितला.

बायपोलरसाठी सर्वांत चिकाटीचं काम पिट्सबर्ग विद्यापीठात टीना गोल्डस्टीन यांच्या गटाने किशोरवयीन मुलांवर केलं. शंभर मुलांच्या त्यांच्या चाचणीत मूडची लक्षणं डीबीटी घेणाऱ्या आणि नेहमीचे मानसोपचार घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. पण आत्महत्येचे प्रयत्न डीबीटीच्या गटात जास्त घटले. गोळ्या दोन्हीकडे चालू होत्या. प्रौढांवरचे अभ्यास लहान आहेत.

यावरून माझं मत असं: डीबीटीने मॅनिया थांबत नाही. ते काम लिथियम, व्हॅल्प्रोएट, क्वेटायपिन यांसारख्या औषधांचं. डीबीटी सांभाळते ती औषधांच्या हाताबाहेरची जागा: राग, जीव नकोसा वाटण्याचे तास, तुटलेली नाती, मोडलेली दिनचर्या, गोळी सोडून देण्याचा मोह. ही जागा छोटी नाही.

आधी पाया

निदान पक्कं करून घ्या. बायपोलर एकमध्ये मॅनिया किमान सात दिवस टिकतो, किंवा त्याआधीच भरती करावं लागतं. बायपोलर दोनमध्ये हायपोमॅनिया, म्हणजे सौम्य मॅनिया, किमान चार दिवसांचा असतो. डिप्रेशन किमान दोन आठवड्यांचं. बॉर्डरलाइनमध्ये मनाचे हेलकावे तासातासाला बदलतात आणि बहुतेक वेळा कुणाशी तरी झालेल्या खटक्यातून सुरू होतात. काहींना दोन्ही असतं. फॅमिली डॉक्टरांनी फक्त डिप्रेशनची गोळी दिली आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस रात्र-रात्र जागून बेत आखू लागला, तर ही हकिगत मानसोपचारतज्ज्ञांना तारखांसकट सांगा. निदानाच्या दृष्टीने ती फार मोलाची असते.

लिथियम चालू असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. घाम जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. गोळी तीच, डोस तोच, तरी वाढतं. उलट्या-जुलाबात, आणि पाणीही न पिता केलेल्या कडक उपासात हेच होतं. म्हणून पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ एकदम वाढवू किंवा तोडू नका आणि नवरात्र, रमजान किंवा पंढरीची पायी वारी यांच्या आधी डॉक्टरांशी बोला. यंत्रमागावर उभं राहून गुडघे-कंबर धरते आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली जाते. या दोन्हींनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालते. हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना गाठा.

रक्तातलं लिथियम शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात. प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात, आणि सोबत मूत्रपिंड, थायरॉइड व कॅल्शियम अधूनमधून पाहिलं जातं. लॅमोट्रिजिन ही मूडची गोळी चालू असेल आणि ती पाच-सहा दिवस चुकली असेल तर जुन्या डोसने परस्पर सुरू करायची नाही, अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट लिहून दिली असेल तर गर्भाला असलेल्या धोक्याबद्दल न लाजता विचारा. लिथियमची वर सांगितलेली धोक्याची लक्षणं सोडली, तर कोणतीच गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

माणसं कुठे शोधायची

डीबीटीची मूळ रचना चार भागांची आहे: आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, आठवड्याला एक कौशल्य-वर्ग, मधल्या दिवसांत अडचण आली तर फोनवर मार्गदर्शन, आणि थेरपिस्टांचा आपसांत सल्ल्याचा गट. कौशल्यांची एक फेरी चोवीस आठवड्यांची असते. ती दोनदा केली की वर्ष होतं. एवढी सगळी रचना एका जागी मिळणं मोठ्या शहरांतही अवघड आहे. ती जोडून-जोडून उभी करावी लागते.

औषधांची बाजू सोलापुरातच ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथली मनोविकार ओपीडी किंवा शहरातले खाजगी मानसोपचारतज्ज्ञ, कुणीही एक धरा आणि दर वेळी बदलू नका. कौशल्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. इथे डीबीटी शिकलेलं कुणी मिळालं नाही तर पुण्या-मुंबईचे किंवा बेंगळुरूचे तज्ज्ञ व्हिडिओवर बैठक घेतात.

पहिल्या फोनवर संकोच न करता विचारा. डीबीटीतल्या कौशल्यांचे चारही भाग, म्हणजे लक्ष देणं, भावना सांभाळणं, वादळाचा तास काढणं आणि मागणं-नकार, शिकवता का? रोजची नोंदवही वापरता का? बायपोलरच्या लोकांबरोबर काम केलंय का? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? दोन बैठकींच्या मध्ये फोन करायचा झाला तर कधी आणि किती वेळ? शेवटच्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर मिळालं तर मी तरी दुसरं नाव शोधीन.

भाषेचंही बोला. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू चालते, कुठे कन्नड, कुठे उर्दू. रागाचे आणि लाजेचे शब्द घरच्या भाषेतच येतात. दोन खोल्यांच्या घरात व्हिडिओवर बोलायला आडोसा नसतो, तेव्हा गच्ची चालेल, बंद रिक्षा चालेल, ओळखीच्या दुकानाचा पोटमाळाही चालेल. इअरफोन लावा आणि बैठकीची वेळ घरात आधीच सांगून ठेवा.

पहिलं काम: वही

कौशल्यांच्या आधी महिनाभर फक्त नोंद ठेवायला शिका. दुधाचा हिशेब लिहितो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे लिहू नका, आल्यागेल्याची नजर पडते. खिशात मावणारी डायरी घ्या. रोज झोपण्यापूर्वी तीन मिनिटं पुरतात.

काल रात्री किती वाजता झोप लागली आणि सकाळी किती वाजता जाग आली ते लिहा. गोळी घेतली की नाही. मूड उणे पाच ते अधिक पाच. मग ऊर्जा, तीही उणे पाच ते अधिक पाच, पण वेगळ्या रकान्यात. हे वेगळं लिहिणं सोडू नका. मूड उणे चार आणि ऊर्जा अधिक तीन, म्हणजे मन काळवंडलेलं आणि अंगात स्वस्थ न बसू देणारी तगमग, हा मिश्र काळ असतो आणि जिवाला सर्वांत जास्त धोका त्यातच असतो. एकच रकाना असेल तर दोघांची बेरीज होऊन शून्याच्या आसपासचा निरुपद्रवी आकडा दिसतो. त्यानंतर चिडचिड शून्य ते पाच, कारण मॅनिया दर वेळी आनंदाचा नसतो. पुष्कळांचा तो नुसत्या संतापाचा असतो. शेवटी मनात आलेल्या ओढी: खर्च, भांडण, दारू, गोळी टाळणं, मरण. ओढ आली म्हणजे ती कृती केली असं नव्हे, म्हणून खरं लिहायला घाबरू नका.

महिन्याने वही उलटी चाळा. बहुतेकांना त्यात स्वतःची आगाऊ खूण सापडते. कुणाची झोप दोन तासांनी घटते, कुणी जुन्या मित्रांना एकामागून एक फोन लावतं, कुणी आंघोळ टाळायला लागतं. या खुणा वेगळ्या पानावर लिहा. चढाच्या एका बाजूला, उताराच्या दुसऱ्या. एक प्रत घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे द्या.

झोप आणि अंग

डीबीटीचे वर्ग सहसा माइंडफुलनेसपासून, म्हणजे लक्ष देण्याच्या सरावापासून, सुरू होतात. बायपोलरसाठी मी थेरपिस्टला झोपेपासून सुरुवात करायची विनंती करीन. दुखणं अंगावर न काढणं, वेळेवर खाणं, नशा टाळणं, नियमित झोप, व्यायाम या गोष्टी डीबीटीच्या भावना सांभाळण्याच्या भागातच येतात. आपल्या आजारात तर तो मुख्य खांब आहे, कारण एका रात्रीचं जागरण मॅनियाला तोंड फोडू शकतं.

उठायची वेळ पक्की धरा, झोपायची वेळ तिच्यामागून येते. रविवारीही तीच. संध्याकाळी जेवणानंतर ट्यूबलाइट बंद, मंद दिवा चालू, फोन दुसऱ्या खोलीत. पाळी बदलणारं काम असेल, यंत्रमागावर असो, हॉस्पिटलात असो की हॉटेलात, रात्रपाळीचा प्रश्न टाळू नका. त्यासाठी मालकाशी कसं बोलायचं ते पुढे देते. लग्नसराई, गोंधळ, रात्रीचा प्रवास, गड्ड्याची यात्रा हे सगळं आधी माहीत असतं. त्या आठवड्याचा बेत आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा: कोणत्या रात्री किती वाजता निघायचं, सोबत कोण निघेल, दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी घ्यायची का.

लक्ष देण्याचा सराव, थोडाच

डीबीटीतलं माइंडफुलनेस म्हणजे डोळे मिटून तासभर बसणं नव्हे. जे चाललंय ते पाहायचं, शब्दांत सांगायचं, चांगलं-वाईट न ठरवता. भाकरी थापताना फक्त भाकरीकडे लक्ष, मन भटकलं की परत. दोन ते पाच मिनिटं, डोळे उघडे. लांब ध्यान, दहा दिवसांचं मौन शिबिर, पहाटे तीनला उठून साधना हे बायपोलरमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अर्धवट झोप आणि आतल्या आत वळलेलं मन चढाला वाट करून देऊ शकतं.

याच भागात तीन मनांची कल्पना येते. भावनेचं मन, हिशेबाचं मन आणि दोघांचं ऐकून घेणारं शहाणं मन. उतारात भावनेचं मन हिशेबाच्या मनाचा आवाज काढून म्हणतं, "मी सगळ्यांवर ओझं आहे, हे तर उघडच आहे." चढात ते म्हणतं, "गणित पक्कं आहे, सहा महिन्यांत पैसे दुप्पट." म्हणून शहाण्या मनाने घेतलेला निर्णय ओळखायची एक साधी कसोटी ठेवा: तो परवा सकाळीही तसाच वाटतो का?

उलट कृती, दोन दिशांना

डीबीटीतलं सर्वांत कामाचं आणि बायपोलरमध्ये सर्वांत चुकीचं वापरलं जाणारं कौशल्य हेच. भावना जे करायला ढकलते ते परिस्थितीला धरून नसेल तर त्याच्या नेमकं उलट करायचं, आणि अर्धवट नाही, पूर्ण करायचं.

उतारात भावना म्हणते पडून राहा, फोन उचलू नको, पडदे लावून घे. उलट कृती म्हणजे उठणं, पण पायरी इतकी लहान ठेवायची की टाळायला लाज वाटावी. पहिल्या दिवशी फक्त दार उघडून ओट्यावर चहा. दुसऱ्या दिवशी आंघोळ. मग संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी, बरोबर कुणीतरी. बरं वाटण्याची वाट पाहून उठायचं नसतं. आधी उठायचं, बरं वाटणं नंतर हळूहळू येतं. ज्याला हे जमत नाही तो आळशी नाही. त्या दिवशी पायरी मोठी झाली, एवढंच, ती अजून लहान करा.

चढात सगळं फिरतं. तिथे भावना म्हणते बोल, निघ, विकत घे, आत्ताच. म्हणून उलट कृती म्हणजे मंदावणं. भेटीगाठी रद्द, एका वेळी एकच माणूस, आवाज आणि उजेड कमी, पाहुण्यांच्या घोळक्यात न बसणं, रात्री नऊला अंथरूण, झोप येवो न येवो. नवीन काम सुरू करायची ओढ असेल तर ते वहीत लिहून बाजूला. घरचे इथे प्रेमापोटी चूक करतात: महिनोन्महिने पडून असलेला मुलगा अखेर हसतोय, कामाला लागलाय, म्हणून त्याला आणखी कामं देतात, लग्नाच्या बोलण्यांना बसवतात.

मग प्रश्न येतो, आनंदी व्हायचंच नाही का? या भीतीने कित्येक जण आयुष्य बेचव करून घेतात. आनंदाची पारख झोपेने करा. पोरगी पास झाली म्हणून मन भरून आलंय आणि रात्री नेहमीसारखी सात तास झोप लागली, तर तो आनंद तुमचा आहे, मनसोक्त घ्या. चार तास झोपूनही सकाळी थकवा नाही, उलट जास्तच तरतरी आहे आणि असं दोन रात्री झालं, तर डॉक्टरांना फोन करा. भावना वस्तुस्थितीशी ताडून पाहणं हेही डीबीटीचं कौशल्य आहे. पण चढात स्वतःची पारख स्वतः करता येत नाही, म्हणून ते काम विश्वासाच्या माणसाच्या डोळ्यांनी करायचं, आणि ती परवानगी आधी, सपाट काळातच देऊन ठेवायची.

वादळाचा तास काढणं

काही तास असे असतात की प्रश्न सोडवायचा नसतो, फक्त तो वाढू न देता वेळ काढायची असते. पहिली पायरी: थांबा, एक पाऊल मागे या, काय चाललंय पाहा, मग पुढचं ठरवा. कौशल्यांमधलं हे सर्वांत छोटं. रोज किरकोळ गोष्टींवर सराव करा, रिक्षावाल्याने पाच रुपये जास्त मागितले तरी चालेल.

अंग पेटलेलं असेल तर गार पाण्याचा उपाय आहे. परातीत बर्फाचं पाणी घेऊन श्वास रोखून चेहरा वीस-तीस सेकंद बुडवायचा, किंवा डोळ्यांवर आणि गालांवर बर्फाचा रुमाल धरायचा. शरीर आपोआप हृदयाची गती उतरवतं. हृदयाचा आजार असेल, किंवा लिथियमच्या थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल चालू असेल, तर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ती गोळीही हृदयाची गती उतरवतेच. दुसरा उपाय मूळ पद्धतीत जोराच्या व्यायामाचा आहे. तो उतारातल्या तगमगीला चालतो, पण चढात तो माणसाला आणखी चढवतो, आणि मे महिन्याच्या दुपारी लिथियमवर असताना तर नकोच. तिसरा दोन्हीकडे चालतो आणि फुकट आहे: चार मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, पाच मिनिटं.

पैशाचं वादळ हात आवरून थांबत नाही, त्याला बांध आधीच घालावा लागतो. सपाट काळात बँकेच्या ॲपमधून यूपीआय आणि कार्डाची मर्यादा खाली आणा, कर्जाची ॲप्स काढून टाका आणि एक नियम लिहून त्यावर सही करा: ठरलेल्या रकमेवरचा खर्च, नोकरीचा राजीनामा, जागेचा व्यवहार यांपैकी काहीही दोन रात्रींच्या पुऱ्या झोपेआधी आणि दोन माणसांना विचारल्याशिवाय नाही.

मागणं आणि नकार

कुणाकडे काही मागायचं असेल तर डीबीटी क्रम शिकवते: घडलेलं सांगा, वाटलेलं सांगा, नेमकं मागा, समोरच्याचा फायदा दाखवा, विषय भरकटू देऊ नका, आणि पूर्ण नाही जमलं तर थोडं तरी पदरात घ्या. रात्रपाळीचं उदाहरण:

"मालक, गेले दोन आठवडे मी रात्रपाळीवर आहे. माझ्या तब्येतीला झोप मोडलेली चालत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मला कायम दिवसपाळी द्या. मी आजारी पडून महिनाभर घरी बसण्यापेक्षा रोज वेळेवर मागावर असलेला तुम्हालाही बरा." मालक म्हणाले, जमणार नाही, तर: "बरं, मग निदान दर आठवड्याआड पाळी बदलू नका, एकच पाळी महिनाभर ठेवा." आजाराचं नाव सांगायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. "झोपेचा त्रास" एवढं पुरतं.

घरात सुनेला सासूशी बोलायचं असतं तेव्हा शब्द वेगळे, क्रम तोच: "आत्या, काल पाहुण्यांसमोर माझ्या गोळ्यांचा विषय निघाला. मला फार कसंतरी झालं. यापुढे लोकांसमोर तो काढू नका. काही विचारायचं असेल तर मला एकटीला विचारा, मी सगळं सांगेन." राग ओकायची घाई असेल त्या दिवशी हे बोलायचं नाही. चढात लिहिलेला प्रत्येक महत्त्वाचा मेसेज एक रात्र थांबवून मग पाठवा.

घरच्यांनीही एक कौशल्य शिकायचं आहे: समोरच्याचं म्हणणं पटलं नाही तरी त्याचं वाटणं मान्य करणं. "सगळ्यांनाच टेन्शन असतं, तूच एवढं घेतोस" याऐवजी "आज फार जड जातंय ना तुला? मी इथेच बसते." टोमणे, सततची टीका आणि चोवीस तास पाळत ठेवणं यांनी हा आजार पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो. आणि भोंगळ काळजीपेक्षा वाटून घेतलेलं काम बरं: गोळ्या कोण पाहणार, डॉक्टरांकडे कोण जाणार, पैशांचं कोण बोलणार. देवर्षी, उतारा यावर घरात वाद असेल तर अक्कलकोटला जा, तुळजापूरला जा, दर्शन घ्या, पण सकाळच्या गोळीनंतर जा आणि रात्रीची गोळी पिशवीत ठेवा.

साखळी उलगडणं

काही बिघडलं की थेरपिस्टबरोबर त्या दिवसाची कडी-कडी मांडायची असते. समजा, कापडाच्या दुकानात नोकरी करणारा एक जण आहे. जानेवारीत गड्ड्याला पाहुणे आले. तीन रात्री होम मैदानावरून परतायला एक-दीड वाजला. दुसऱ्या रात्री "सुस्ती येते" म्हणून त्याने गोळी सोडली. चौथ्या सकाळी थकवा नव्हताच, डोक्यात टॉवेलच्या एक्स्पोर्टचा बेत होता. दुपारी तीन मित्रांना फोन. रात्री ॲपवरून कर्ज, लगेच एका व्यापाऱ्याला आगाऊ रक्कम. बायको म्हणाली, "अहो, विचारायचं तरी." त्याने हातातलं ताट भिरकावलं.

घरातलं भांडण ताटावरून चालू राहतं. साखळी मांडली की दिसतं, शेवटच्या कडीला तुटण्यासारखं फार थोडं उरलं होतं. तोडायला सोपी कडी पहिली होती, पहिल्या रात्री दहाला निघणं. त्यानंतर गोळी. त्यानंतर चौथ्या सकाळचा तो न आलेला थकवा, ज्यावर फक्त एक फोन करायचा होता. प्रत्येक कडीसमोर पुढच्या वेळी काय करायचं ते लिहा, आणि तेच पुढच्या यात्रेआधी डोळ्यांसमोर आणून तालीम करा.

संकटाचं पान

वहीच्या पहिल्या पानावर हे असू द्या: माझ्या धोक्याच्या खुणा, मी करायच्या दोन-तीन गोष्टी, फोन करायची माणसं क्रमाने, डॉक्टरांचा नंबर, चालू औषधं आणि डोस. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर 112 किंवा 108, आणि जवळचं मोठं रुग्णालय.

मरणाचा विचार बोलून दाखवला की घरचे गप्प बसवतात. तसं करू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का? कसा, काही ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. ठरवलं असेल तर एकटं सोडायचं नाही. शेतात-घरात फवारणीचं औषध असेल ते दुसऱ्याच्या घरी कुलपात. गोळ्यांची महिन्याची पाकिटं घरच्या माणसाकडे, हातात फक्त आठवड्याच्या. लिथियमचा जास्त डोस जिवावर बेततो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानलं आहे, शिक्षेला पात्र धरलेलं नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. याच कायद्याने आगाऊ निर्देश लिहिता येतो: आजारात मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, माझ्या वतीने कोण बोलेल. सपाट काळात डॉक्टरांशी बोलून तो रीतसर करून घ्या. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही हा कायदा सांगतो, तेव्हा पॉलिसीचा कागद काढून वाचा.

आजार पुन्हा उलटला तर

वर्षभर शिकूनही चढ येऊ शकतो. आला की कौशल्यं बाजूला ठेवा, फक्त औषध, झोप, शांत खोली आणि डॉक्टर. ओसरल्यावर लगेच साखळी मांडायला बसू नका. त्या दिवसांत मन बहुतेक उतारात असतं आणि साखळीची फाशी होते. दोन-तीन आठवडे झोप आणि मूड सपाट राहिले की थेरपिस्टसमोर बसून मांडा. पैशांची भरपाई आणि माणसांची माफी यांच्या वेगळ्या याद्या करा, आठवड्याला प्रत्येकीतलं एकच काम घ्या, आणि माफी मागताना आजाराची आड घेऊ नका पण तो लपवूही नका: "त्या दिवसांत मी आजारी होतो, तरी माझ्या बोलण्याने तुम्हाला लागलं, ते भरून काढायला मी काय करू?" मग वहीतलं खुणांचं पान काढा. या वेळी जी खूण नव्याने दिसली ती त्यात भरा, घरातल्या माणसाकडची जुनी प्रत बदला आणि ते पान पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.